गिरणगावातलं स्वस्त टॉनिक

परळची हाफकिन संस्था मराठी माणसाला ठाऊक असते ती प्लेगच्या लशीसाठी, सर्पदंशावरच्या औषधासाठी आणि पोलिओच्या डोससाठी. जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या या वास्तूत आणखी एका शोधाची सुरुवात झाली आणि तिची आठवण मुंबईनं फारशी ठेवलेली नाही. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मोफत मिळणारी लाल गोळी घ्या, नाहीतर केमिस्टच्या काउंटरवरची दहा-वीस रुपयांपासून हजार रुपयांपर्यंतची मल्टिव्हिटॅमिनची कुठलीही पट्टी किंवा बाटली घ्या. त्यातल्या एका घटकाचा माग पहिल्यांदा इथे लागला. तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. हा माग निघाला मुंबईतल्या गरीब, बहुधा बाळंतपणाच्या उंबरठ्यावर असलेल्या बायकांच्या रक्तातून.

१९२८ साली डॉक्टर लूसी विल्स मुंबईत आल्या तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डमध्ये जन्म, केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास, पहिल्या महायुद्धात केपटाउनला शुश्रूषेचं काम, मग लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० साली डॉक्टरकी. रुग्ण तपासत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या कामाकडे त्यांचा ओढा होता. हिंदुस्थानात बाळंतपणात बायका इतक्या का मरतात याची मोठी चौकशी तेव्हा चालू होती आणि त्या कामात असलेल्या डॉक्टर मार्गारेट बॅल्फर यांनी विल्स यांना बोलावून घेतलं. कोडं असं होतं : गरोदरपणात काही बायकांचं रक्त झपाट्यानं पातळ होई. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लाल पेशी संख्येनं कमी पण आकारानं मोठ्या दिसत. लोह देऊन उपयोग होत नसे. अनेक बायका दगावत.

तो काळ गिरण्यांच्या ऐन भराचा होता. परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका उभ्या असत. बॅल्फर यांनी डॉक्टर तळपदे यांच्याबरोबर या गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणीच केली. १९२६ साली परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं होतं, त्याच वर्षी केईएम रुग्णालय. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदे मंडळात बाळंतपणातल्या रजेच्या आणि भत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉक्टर आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले आणि पुढच्या वर्षी मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला. म्हणजे गरोदर कामगार बाई हा विषय तेव्हा सभागृहात होता, प्रसूतिगृहात होता आणि आता प्रयोगशाळेतही आला होता.

विल्स यांनी आधी जंतू शोधले, कारण त्या काळी प्रत्येक दुखण्यामागे जंतू असावा अशी डॉक्टरांची पहिली शंका असे. जंतू सापडेना. मग त्या ताटाकडे वळल्या, आणि या सगळ्या कहाणीतली मोलाची गोष्ट माझ्या मते तीच. औषध काय द्यायचं हे ठरवण्याआधी त्यांनी डॉक्टर तळपद्यांना सोबत घेऊन मुंबईच्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका रोज काय खातात, कशा घरात राहतात याची नोंद केली. हा पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, गरीब मुसलमान घरांतल्या, पडद्यात राहणाऱ्या बायकांत अधिक दिसत होता. त्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध जवळपास नव्हतंच. दुखण्याचा संबंध जातिधर्माशी नव्हता, वाढलेल्या अन्नाशी होता.

पुढचे प्रयोग उंदरांवर झाले आणि ते सरळ गेले नाहीत. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्स निलगिरीत कुन्नूरला गेल्या. तिथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन आहाराचं संशोधन करत होते आणि हिंदुस्थानच्या वेगवेगळ्या प्रांतांतलं जेवण उंदरांना घालून त्यांची वाढ मोजत होते. मुंबईच्या गरीब बायकांसारखा आहार दिला की गाभण उंदरांचं रक्त पातळ होई आणि त्याच आहारात यीस्ट मिसळलं की ते टळे. चित्र स्पष्ट झालं असं वाटत असतानाच उंदरांच्या रक्तात उवांमुळे पसरणारा एक जंतू आढळला. मग निष्कर्षावर भरवसा कसा ठेवायचा? विल्स यांनी ते काम सोडून दिलं नाही. मुंबईला परतून त्यांनी माकडांवर तोच आहार करून पाहिला आणि यीस्टचा गुण तिथेही दिसला.

यीस्ट तर आहे, पण कुठलं द्यायचं? इंग्लंडात बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरच्या गावात १९०२ पासून एक कंपनी भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट, चिकट अर्क बाटलीत भरून विकत होती. त्याचं नाव मार्माइट. पावाला लावून खायचा हा गरीब-मध्यमवर्गीय इंग्रजांचा पदार्थ. विल्स यांनी तो मुंबईच्या रुग्ण बायकांना द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत भूक परतायची, रक्तात कोवळ्या लाल पेशींची लाट यायची, आणि जिची आशा सोडली होती ती बाई उठून बसायची. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे काम छापून आलं.

या निवडीचं महत्त्व समजायला त्या वेळची दुसरी वाट पाहायला हवी. १९२६ साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की रोज शे-दोनशे ग्रॅम यकृत खाल्लं तर एका जीवघेण्या पंडुरोगाचे रुग्ण वाचतात. त्याबद्दल १९३४ साली नोबेलही मिळालं. पण यकृताचा अर्क महाग होता, आणि मुंबईत यकृत न खाणाऱ्या घरांची संख्या काही कमी नव्हती. विल्स यांच्या रुग्णांना यकृताच्या अर्कानंही गुण येत होता. तरी त्यांनी स्वस्त, टिकाऊ आणि शाकाहारी घरात चालेल असं औषध शोधलं. पुढे त्यांनी आणखी एक बारकावा पकडला : यकृताचा शुद्ध केलेला अर्क एका प्रकारच्या पंडुरोगावर चालतो, पण मुंबईच्या या बायकांवर चालत नाही, त्यांना कच्चा अर्क किंवा यीस्टच लागतं. म्हणजे कमतरता दोन निरनिराळ्या गोष्टींची होती. एक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखली गेली, दुसरी बी १२. या दोघींची गल्लत पुढच्या ऐंशी वर्षांत महाराष्ट्राला फार महागात पडणार होती. ते पुढे येईलच.

मार्माइटमधला तो गुणी घटक कोणता, हे मुंबईत कळलं नाही. त्याला बराच काळ ‘विल्स फॅक्टर’ असंच म्हटलं गेलं. १९४१ साली टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकाच्या पानांतून त्याचा अंश वेगळा केला. या तिघांतले रॉजर विल्यम्स जन्मले होते उटकमंडला, म्हणजे विल्स यांनी उंदीर पाळले त्या कुन्नूरच्या अगदी शेजारी. त्यांचे थोरले भाऊ रॉबर्ट विल्यम्स नेल्लोरला जन्मले आणि त्यांनी १९३६ साली बेरीबेरीवरचं जीवनसत्त्व, बी १, प्रयोगशाळेत बनवलं. मिशनरी आईबापांची ही मुलं. फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवण्याचं काम १९४५ साली अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत झालं आणि त्या संशोधनाची सूत्रं होती भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती.

त्याच सुमाराला, म्हणजे १९३० आणि ४० च्या दशकांत, जगभर जीवनसत्त्वं शेतातून आणि कसायाच्या दुकानातून उठून कारखान्यात गेली. १९३३ साली झुरिकमध्ये राइखश्टाइन यांनी क जीवनसत्त्व साखरेच्या एका रूपापासून बनवलं आणि स्विस कंपनी रोशनं ते पुढच्याच वर्षी बाजारात आणलं. अमेरिकेत अनेक जीवनसत्त्वं एकाच गोळीत घालणाऱ्या बाटल्या १९४० च्या दशकात घरोघरी गेल्या. गोळीतल्या मालाचा खर्च दरवर्षी खाली येत होता. गोळीची किंमत मात्र तेवढी खाली येत नव्हती, आणि हे अंतर तेव्हापासून आजतागायत या धंद्याच्या मुळाशी आहे.

मुंबईपुरतं पाहिलं तर दुसऱ्या महायुद्धानं एक वेगळीच वाट दाखवली. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीनं नॉर्वे घेतलं आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल येणं बंद पडलं. मुलांना अ आणि ड जीवनसत्त्व द्यायचं कुठून? मद्रास आणि मुंबई सरकारांनी शार्ककडे, म्हणजे कोळी बांधवांच्या मुशीकडे, पाहिलं. तिच्या यकृतात अ जीवनसत्त्व कॉडपेक्षा किती तरी जास्त असतं. ज्या माशाचं यकृत फेकून दिलं जायचं, त्याचं तेल औषध म्हणून बाटलीत भरलं जाऊ लागलं. हाफकिनमध्ये तेव्हा कर्नल साहिबसिंग सोखे संचालक होते. औषधं देशात, सरकारी संस्थेत आणि स्वस्तात बनली पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता आणि युद्धाच्या टंचाईत संस्थेनं ते करून दाखवलं.

स्वातंत्र्यानंतर ठाण्यातल्या परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांत अ जीवनसत्त्व बनू लागलं. त्याला कच्चा माल होता केरळातलं, आपल्या गवती चहाच्या जातीतलं एक गवत. त्याच्या तेलात सिट्रल नावाचं द्रव्य असतं आणि त्यावर एकामागून एक प्रक्रिया करत अ जीवनसत्त्वापर्यंत पोचता येतं.

याच काळात मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एक मराठी बाई वेगळ्या दिशेनं काम करत होत्या. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटनं त्यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, तोही खुद्द सर सी. व्ही. रामन यांनी. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, अटी पत्करून प्रवेश मिळवला आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. घेतली. परत आल्यावर दिल्लीला आणि कुन्नूरला, म्हणजे मॅक्कॅरिसन यांच्याच जुन्या संस्थेत, काम केलं. मुंबईत आल्यावर त्यांनी जो विषय हाती घेतला तो गरिबांच्या जेवणातला होता : कडधान्यं, ताडगूळ आणि नीरा.

नीरा म्हणजे माडा-ताडाचा पहाटेचा, अजून न आंबलेला रस. कोकणपट्टीत भंडारी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तो काढला. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा पोषणाच्या अंगानं अभ्यास केला. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह लक्षणीय प्रमाणात आढळलं आणि कुपोषित आदिवासी मुलं-मुली आणि गरोदर बाया यांच्या प्रकृतीत नीरेनं सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी गेली, पण नीरेची केंद्रं उभी राहिली. मुंबई-पुण्यातल्या एका पिढीला सकाळचा नीरेचा पेला चांगला आठवतो. पहाटेचं पेय म्हणून लोक ते पीत होते, पण त्यामागे एका बाईनं प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं केलेली मोजमापं होती. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

कमलाबाईंचं दुसरं काम त्याहून कमी ठाऊक आहे. १९६६ साली मुंबईत ग्राहक मार्गदर्शक संस्था, म्हणजे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया, स्थापन झाली. अन्नातल्या भेसळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांची ही संस्था. कमलाबाई तिच्या संस्थापकांपैकी होत्या आणि १९८२-८३ साली अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या ग्राहकाच्या सुरक्षिततेवर लिहीत. जीवरसायनाची डॉक्टरेट घेतलेली बाई गिऱ्हाइकाला सांगत होती की वस्तू कशी तपासून घ्यावी. शुद्ध आणि स्वस्त या दोन्ही गोष्टी एकत्र मागायचा ग्राहकाला हक्क आहे, हा विचार मराठी घरांत रुजायला अशी माणसं कारण झाली.

तशी गरजही होती, कारण १९६० आणि ७० ही दशकं टॉनिकची होती. अशक्तपणा वाटला, मुलाचा अभ्यास होत नाही, बाळंतपण झालं, तापातून उठला, की डॉक्टरच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ टॉनिकची. तांबड्या-तपकिरी बाटल्यांत थोडी जीवनसत्त्वं, थोडं ग्लिसरोफॉस्फेट, बरीच साखर आणि अनेकदा मद्यार्क. दोन चमचे घेतल्यावर वाटणारी तरतरी कशामुळे, हे घेणाऱ्याला कळायचं नाही. खरी कमतरता असलेल्या बाईच्या पैशाचं यात नुकसान होत होतं, कारण त्याच पैशात महिन्याची अंडी किंवा शेंगदाणे आले असते.

१९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीनं औषध उद्योगाची उलटतपासणी केली. शंभरावर औषधं देशाला अत्यावश्यक आहेत, ती हळूहळू कंपनीच्या नावानं नव्हे तर मूळ औषधाच्या नावानं विकली जावीत, अशी शिफारस तिनं केली. बड्या कंपन्या क्षयरोगाच्या, कुष्ठरोगाच्या औषधांपेक्षा जीवनसत्त्वं आणि टॉनिकांत जास्त रमतात, ही टीका त्यानंतर सतत होत राहिली. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेनं आणि मेडिको फ्रेंड सर्कलमधल्या डॉक्टरांनी ती गावोगाव नेली. पुस्तिका, प्रदर्शनं, शिबिरं यांतून त्यांनी दाखवलं की दहा रुपयांच्या टॉनिकात किती आण्यांचं औषध असतं. १९८३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं घातक आणि निरर्थक मिश्रणांवर बंदी घातली. त्या यादीत सूज उतरवणाऱ्या औषधांत किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्यांत जीवनसत्त्वं मिसळलेली औषधं होती, तशीच स्ट्रिक्निन आणि कॅफीन घातलेली टॉनिकंही होती. स्ट्रिक्निन हे विष आहे. ते कित्येक वर्षं शक्तिवर्धक म्हणून विकलं गेलं.

जीवनसत्त्वांचं उत्पादन जगात किती थोड्या हातांत होतं, हे कळायला १९९९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानं जाहीर केलं की रोश, बीएएसएफ आणि इतर कंपन्यांनी १९९० पासून अ, क, ई, बी गटातली काही जीवनसत्त्वं यांच्या किमती आणि विक्रीचे वाटे गुप्तपणे ठरवून घेतले होते. रोशनं ५० कोटी डॉलरचा दंड मान्य केला, बीएएसएफनं साडेबावीस कोटींचा. दोन वर्षांनी युरोपीय आयोगानंही आठ कंपन्यांना दंड केला. ब्रँड कुठलाही घेतला तरी आतला माल बहुतेकदा त्याच मोजक्या कारखान्यांतून आलेला असतो, हे या प्रकरणानं सगळ्यांसमोर आलं. पुढे यातलं बरंचसं उत्पादन चीनमध्ये गेलं आणि क जीवनसत्त्वाचा तर जगातला मोठा वाटा आज तिथेच बनतो. म्हणून महाग पट्टीतलं क जीवनसत्त्व स्वस्त पट्टीतल्यापेक्षा वेगळं असेल, असं मानायला कारण नाही. फरक असू शकतो तो प्रमाणात, गोळी विरघळण्यात आणि किती काळ गुण टिकतो यात.

भारतात या गोळ्यांची किंमत कशी ठरते हाही एक इतिहासच आहे. किंमत नियंत्रण लागू होतं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या ठराविक औषधांना, तेही ठराविक प्रमाणात. साध्या फॉलिक ॲसिडच्या गोळीवर ते लागू होतं. त्यात चार घटक आणखी घातले की नवं मिश्रण तयार होतं आणि त्याची मूळ किंमत बहुतेकदा कंपनी स्वतः ठरवते. औषध नियमांच्या शेड्यूल व्हीमध्ये कमतरता टाळायला किती आणि कमतरता भरून काढायला किती, अशा दोन पायऱ्यांत जीवनसत्त्वांची प्रमाणं दिलेली आहेत. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पूरक आहाराचे वेगळे नियम केले आणि तेव्हापासून एकाच कपाटात दोन जातींचा माल दिसतो. एका पट्टीवर औषध परवान्याचा क्रमांक असतो, ती औषध कायद्याखाली येते. दुसऱ्या बाटलीवर चौदा आकडी अन्न परवाना आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी ओळ असते, ती कायद्याच्या नजरेत अन्न आहे. दोन्हींच्या जाहिराती मात्र सारख्याच बोलतात. घेणाऱ्यानं आधी हा क्रमांक पाहावा. त्याच्याखालची घटकांची यादी नंतर.

यादीत काय पाहायचं? भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांसाठी रोजच्या गरजेचे आकडे सुधारून दिले. पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. बायकांसाठीच्या कित्येक महागड्या बाटल्यांत पंचवीस-तीस घटकांची नावं असतात आणि लोह नावापुरतं. उलट बी कॉम्प्लेक्सच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये बी १ रोजच्या गरजेच्या पाच-सात पट असतं, कारण ते स्वस्त आहे आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. नावांच्या संख्येवरून गोळी जोखणं हा फसण्याचा सरळ रस्ता आहे. कुठली कमतरता आहे, ती भरून निघेल एवढं प्रमाण आहे का, आणि महिन्याचा खर्च किती, एवढं पाहिलं तर निवड बरीच सोपी होते. २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत मूळ नावानं मिळणाऱ्या गोळ्या हा त्यातला उघड पर्याय आहे. अ आणि ड यांसारखी चरबीत साठणारी जीवनसत्त्वं मात्र कुणी कितीही स्वस्तात दिली तरी गरजेपेक्षा जास्त घेऊ नयेत. ती शरीरात साचतात आणि गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधतो.

आता त्या राहिलेल्या गल्लतीकडे. १९७० साली केंद्र सरकारनं पंडुरोग प्रतिबंधाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. लोह आणि फॉलिक ॲसिड एका गोळीत. गोळी काही पैशांत बनत होती आणि मुंबईच्या संशोधनाचा वारसा तिच्यात होता. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका पंडुरोगी निघाल्या, महाराष्ट्रात ५४ टक्के. गोळ्या वेळेवर न पोचणं, पोटात मळमळ होते म्हणून त्या न घेणं, जंत, मलेरिया, अशी कारणं अनेक. पण एक कारण पुण्यातून पुढे आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. त्यांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजली. यातल्या जवळपास दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी १२ कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं, दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. शाकाहारी घरात बाईच्या वाट्याला दूध शेवटी आणि थोडं येतं. फॉलिक ॲसिड मात्र तिला सरकारी गोळीतून मिळत होतं. २००८ साली या गटानं दाखवलं की ज्या आयांत बी १२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसते, आणि पुढच्या मधुमेहाचं ते लक्षण आहे. फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी १२ ची कमतरता झाकली जाते, नसांची हानी मात्र चालू राहते, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. पुण्यानं त्यात पुढच्या पिढीची बाजू जोडली. नंतर त्याच गावांतल्या वयात आलेल्या मुला-मुलींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी १२ देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला. बाजारातल्या गोळ्यांत याच्या शेकडो पट बी १२ असतं.

मुंबईनंही ताटाचा धागा सोडला नव्हता. २००६ पासून काही वर्षं शहरातल्या झोपडपट्ट्यांत ‘सारस’ नावाचा प्रयोग झाला. साडेसहा हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. अर्ध्या बायकांना गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला समोशासारखा किंवा वड्यासारखा खाऊ मिळाला, उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्या बाळांच्या सरासरी वजनात ठाम फरक दिसला नाही, पण गरोदर राहण्याआधी तीन महिने तरी खाऊ खाल्लेल्या बायकांची बाळं थोडी वजनदार निघाली आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण बरंच खाली आलं. विल्स आणि तळपदे यांनी १९३० साली मुंबईच्या बायकांच्या जेवणात जे नाही म्हणून नोंदवलं होतं, तेच या खाऊत घातलं होतं.

गोळीच द्यायची झाली तर तिचाही एक चांगला, उघडा नमुना उपलब्ध आहे. १९९९ साली युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं विद्यापीठ यांनी गरोदर बायकांसाठी पंधरा घटकांची एक गोळी ठरवली. ३० मिलिग्रॅम लोह, ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, शिवाय बी १२, आयोडीन, जस्त आणि इतर घटक, बहुतेक सगळे रोजच्या गरजेइतकेच. तिचं सूत्र कुणाच्या मालकीचं नाही, कुठलाही कारखाना ती बनवू शकतो. २०२१ साली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. भारतात २०१८ पासून चालू असलेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला १८० दिवस मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. बी १२ तिच्यात नाही.